दोन देशांचे नागरिकत्व असेल तर विमानतळावर कोणता पासपोर्ट दाखवायचा?

समजा, पुण्याहून कॅनडात स्थायिक झालेल्या कुटुंबातली एक मुलगी टोरांटोत जन्मली. जन्मामुळे ती कॅनडाची नागरिक झाली. पुढे नोकरीसाठी ती लंडनला गेली आणि काही वर्षांनी तिने ब्रिटनचेही नागरिकत्व घेतले. आजी-आजोबा पुण्यात असल्यामुळे तिच्याकडे ओसीआय कार्डही आहे. आता लंडन–टोरांटो–मुंबई–लंडन असा प्रवास करताना तिने कुठे काय दाखवायचे?

मूळ नियम

ज्या देशाचे तुम्ही नागरिक आहात, त्या देशात त्याच देशाच्या पासपोर्टवर जायचे. अमेरिकेत तर नागरिकाने देशात येताना आणि देशाबाहेर जाताना अमेरिकी पासपोर्टच वापरावा, असा कायदा आहे. कॅनडाने नोव्हेंबर 2016 पासून दुहेरी नागरिकांना विमानात बसण्यासाठी कॅनडाचा वैध पासपोर्ट बंधनकारक केला. ब्रिटननेही 25 फेब्रुवारी 2026 पासून असाच नियम कडकपणे लागू केला आहे. परदेशी पासपोर्टवर यायचे असेल, तर ब्रिटिश नागरिक असल्याचा अधिकृत दाखला सोबत लागतो.

विमान कंपनी का अडवते?

कागदपत्रे पुरेशी नसलेला प्रवासी आणला, तर कंपनीला दंड होऊ शकतो आणि त्याला परत न्यावे लागते. त्यामुळे चेक-इन काउंटरवरचा प्रश्न एकच असतो: पुढचा देश या प्रवाशाला आत घेईल का? तुम्ही जिथून निघता त्या देशाच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: तुम्ही इथे कोणत्या कागदावर आला होता? हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की गोंधळ होत नाही.

प्रत्यक्ष प्रवासात

लंडनहून टोरांटोला निघताना काउंटरवर कॅनडाचा पासपोर्ट दाखवायचा. ब्रिटिश पासपोर्ट दाखवला तर ‘ईटीए’ ही प्रवासपरवानगी मागितली जाईल आणि कॅनडाच्या नागरिकाला ती मिळत नाही. टोरांटोत उतरल्यावरही कॅनडाचाच पासपोर्ट.

टोरांटोहून मुंबईला जाताना ओसीआय ज्या पासपोर्टवर नोंदलेले आहे तो पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, दोन्ही हवेत. समजा, तिचे ओसीआय कॅनडाच्या पासपोर्टवर आहे. मुंबईत येताना तोच आणि परत निघताना इमिग्रेशनलाही तोच दाखवायचा.

मुंबईहून लंडनला निघताना मात्र एकाच विमानतळावर दोन्ही पासपोर्ट लागतात. विमान कंपनीच्या काउंटरवर ब्रिटिश, भारतीय इमिग्रेशनसमोर कॅनडाचा आणि ओसीआय कार्ड. यात लपवण्यासारखे काही नाही. कुणी विचारले तर दोन्ही पासपोर्ट सरळ दाखवावेत.

भारतीय पासपोर्ट असेल तर?

इथे वरचा नियम लागूच होत नाही, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्टची मुदत शिल्लक असली, तरी त्यावर प्रवास करता येत नाही; तो जमा करावा लागतो.

गोव्यात हा प्रश्न घरोघरी ओळखीचा आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. तो स्वीकारणाऱ्याला मात्र भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि मतदानाचा हक्कही जातो. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. तो आजीवन व्हिसा आहे, सोबत काही सवलती मिळतात इतकेच.

निघण्यापूर्वी तपासा

- दोन्ही पासपोर्टची मुदत शिल्लक आहे का? ऐनवेळी एक संपलेला निघाला, तर दुसऱ्यावर भागेलच असे नाही.
- दोन्हींवर नाव सारखेच आहे का? लग्नानंतर एकावर आडनाव बदलले असेल, तर विवाहाचा दाखला जवळ ठेवा.
- पासपोर्ट नवा काढला असेल, तर त्याची माहिती ओसीआयच्या संकेतस्थळावर भरली आहे का?
- विमान कंपनीला ऑनलाइन दिलेला पासपोर्ट क्रमांक पुढच्या देशात दाखवायच्या पासपोर्टचाच आहे ना? परतीच्या प्रवासासाठी तो बदलावा लागू शकतो.