फांशांचा हिशेब आणि हाताचें कसब



फांसा हा मनुष्याचा फार जुना सोबती आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ३४ व्या सूक्तांत फांशांच्या नादानें घरदार गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. महाभारताच्या सभापर्वांतील द्यूत तर सर्वांच्या परिचयाचेंच आहे. परंतु वनपर्वांतील नलोपाख्यानांत एक लहानसा प्रसंग आहे, त्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. विदर्भास जातांना वाटेंत ऋतुपर्ण राजानें बेहड्याच्या झाडाकडे एकवार पाहून त्याचीं पानें व फळें किती हें सांगितलें, आणि अश्वविद्येच्या मोबदल्यांत नलाला 'अक्षहृदय' म्हणजे फांशांचें मर्म शिकविलें. संख्येचें ज्ञान आणि फांशांचें ज्ञान हीं दोन्हीं एकाच माणसाजवळ असावींत, ही कल्पना मोठी मार्मिक आहे. फांसा हातानें वश करतां येतो, कीं केवळ गणितानें समजून घेतां येतो, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय होय.

त्यासाठीं मीं अमेरिकेंतील 'क्रॅप्स' या खेळाचें उदाहरण घेतलें आहे. हा 'हॅझर्ड' नांवाच्या जुन्या इंग्रजी खेळाचा वंशज. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो न्यू ऑर्लिन्स शहरांत रुजला व पुढें सर्व अमेरिकेंत पसरला. आज तेथें फांसे कसे टाकावे याचे धडे फी घेऊन दिले जातात आणि त्यावर पुस्तकेंही निघालेलीं आहेत. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें व भाचे-पुतणे त्या देशांत नोकरीस आहेत. शिकलेला, हिशेबी तरुण साध्या जुगाराला भुलत नाहीं. परंतु "हा जुगार नव्हे, हें कसब आहे," असें त्याला कोणीं सांगितलें, तर तो भुलण्याचा संभव अधिक. म्हणून या दाव्याची नीट तपासणी होणें अगत्याचें आहे.

प्रथम खेळ पाहूं. दोन फांसे एकदम टाकावयाचे व वरच्या टिपक्यांची बेरीज पाहावयाची. एका फांशास सहा बाजू, म्हणून दोहोंच्या मिळून ३६ जोड्या होतात. त्यांत दोन ही बेरीज एकाच जोडीनें येते, तीन दोन जोड्यांनीं, चार तीन जोड्यांनीं, असें चढत चढत सात ही बेरीज सहा जोड्यांनीं येते. तेथून पुन्हां उतरत बारा एकाच जोडीनें. म्हणजे सर्वांत अधिक वेळां येणारा आंकडा सात, आणि तो सरासरीनें सहा फेंकींतून एकदां येतो. हा एवढा कोष्टक ध्यानांत धरला म्हणजे पुढील सर्व हिशेब त्यांतूनच निघतो.

मुख्य पैजेस 'पास लाइन' म्हणतात. पहिल्या फेंकींत सात किंवा अकरा आले तर जीत. दोन, तीन किंवा बारा आले तर हार. दुसरी कोणतीही बेरीज आली तर ती 'पॉइंट' ठरते. मग सात येण्यापूर्वीं तीच बेरीज पुन्हां आली तर जीत, आणि आधीं सात आला तर हार. याचा हिशेब केला असतां ४९५ खेळांपैकीं सरासरीनें २४४ जिंकले जातात व २५१ हरले जातात असें दिसतें. अंतर अवघें सातांचें. म्हणजे शंभर डॉलरांमागें द्यूतगृहाच्या मालकाचा वांटा सुमारें १ डॉलर ४१ सेंट. आपल्याकडील अड्ड्यांवर चालक उघडपणें 'नाल' घेतो. येथें तोच वांटा नियमांच्या पोटांत दडविलेला असतो, इतकाच काय तो भेद. पॉइंट ठरल्यावर मूळ पैजेमागें 'ऑड्स' नांवाची आणखी एक पैज लावतां येते. ती मात्र खऱ्या संभवाप्रमाणेंच फेडली जाते, आणि तींत मालकाचा वांटा शून्य असतो. परंतु गंमत अशी कीं, मेजावरील कापडावर हिचें घर छापलेलें नसतें! ज्याला ठाऊक असेल त्यानेंच ती लावावी.

याच्या उलट, ज्या पैजा रंगीत चौकटींत मेजाच्या मधोमध ठळकपणें छापलेल्या असतात आणि ज्यांचा पुकारा हातांत काठी घेतलेला नोकर सतत करीत असतो, त्या बाजूच्या पैजांचा हिशेब पाहा. पुढच्याच फेंकींत सात येणार अशी पैज लावली तर जिंकल्यास चौपट मिळतात. ३६ फेंकींवर प्रत्येकीं एक डॉलर लावला, तर सहा वेळां चार-चार मिळून २४ येतील आणि तीस वेळां एक-एक मिळून ३० जातील. तोटा सहांचा, म्हणजे शेंकडा १६.६७. बारा येणार अशी पैज तीसपट देते. एकदां ३० मिळतील व ३५ जातील, तोटा शेंकडा १३.८९. अकरावर पंधरापट मिळतात, तेथें तोटा शेंकडा ११.११. 'हार्ड सिक्स' म्हणजे सहा ही बेरीज तीन-तीन अशी जुळी यावी, आणि तत्पूर्वीं सात किंवा वेगळ्या जोडीचा सहा येऊं नये. येथें पैज निकालांत काढणाऱ्या जोड्या अकरा: एक जिंकणारी, चार वेगळ्या सहांच्या, सहा सातांच्या. मोबदला नऊपट, तोटा अकरांत एक. अलीकडे आणखी एक पैज लोकप्रिय आहे: सात येण्यापूर्वीं दोनपासून बारापर्यंतचे बाकीचे दहाही आंकडे येऊन गेले पाहिजेत. कित्येक ठिकाणीं तिचा मोबदला १७५ पट देतात. ऐकून डोळे दिपतात. परंतु तसें घडण्याचा संभव सुमारें १९० खेळांत एकदां, एवढाच आहे.

तात्पर्य, मुख्य पैजेंत शंभरामागें दीड डॉलरहि न घेणारा मालक बाजूच्या पैजांत बहुधा सात ते सतरा डॉलर घेतो. मोठ्या मोबदल्याचा आंकडा मनांत राहतो आणि त्यामागील लहानसा संभव मनांतून निसटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याच्याच जोरावर या चौकटी उभ्या आहेत.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. फांसे टाकणाऱ्यास फेंक आपल्या काबूंत ठेवतां येते काय?

कसबाचा दावा करणारे म्हणतात तो असा. फांशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमीं सात असते. दोन्हीं फांसे विशिष्ट रीतीनें जुळवून धरावे, आणि ते चाकासारखे एकाच आंसाभोंवतीं फिरत, अलगद, जोडीनें जावेत असे टाकावे. एका फांशाच्या आंसावर एक व सहा या बाजू ठेवल्या तर तो दोन, तीन, चार, पांच एवढेच आंकडे दाखवील. दुसऱ्याच्या आंसावर दोन व पांच ठेवले तर तो एक, तीन, चार, सहा एवढेच दाखवील. अशा सोळा जोड्यांत सात केवळ दोनदां येतो. म्हणजे सहांत एकदां न येतां आठांत एकदां येतो. कागदावर हा विचार अगदीं बिनचूक आहे. मात्र दोन्हीं फांशांच्या आंसावर एक व सहाच ठेवले, तर सोळांत चार वेळां सात येतो, हेंहि विसरूं नये.

नुसती कल्पना म्हणून हा दावा टाकाऊ नव्हे. जमिनीवर पसरलेल्या घोंगडीवर फांसे अशा रीतीनें लोळविणारे लबाड खेळाडू पूर्वीं होतेच, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकन शिपायांना त्यांच्यापासून सावध करण्याचें काम जॉन स्कार्न नांवाच्या जाणकारानें केलें. त्याचें फांशांवरील पुस्तक १९४५ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणूनच द्यूतगृहांतील मेजाची रचना वेगळी आहे. मेज बारा-चौदा फूट लांब. फांसे दूरच्या टोंकाच्या भिंतीवर आपटलेच पाहिजेत असा नियम. आणि त्या भिंतीवर रबराचे लहान लहान टोकदार उंचवटे बसविलेले. फांसा त्यांवर आदळला म्हणजे त्याचा आंस कोणीकडे वळेल हें केसभर फरकावर अवलंबून राहतें.

पोलंड व स्कॉटलंड येथील शास्त्रज्ञांनीं फांशाच्या गतीचा अभ्यास करून २०१२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. फांशाची गति पूर्णपणें यंत्रशास्त्राच्या नियमांनीं बांधलेली आहे, आणि टाकतांना खालीं असलेली बाजूच खालीं राहण्याकडे थोडासा कल असतो, असें त्यांना आढळलें. परंतु फांशाच्या उसळ्या वाढत गेल्या म्हणजे हा कल नाहींसा होत जातो. खडबडीत भिंतीचें काम हेंच.

यावर कसबी म्हणतात, "आम्हांला पूर्ण ताबा नकोच, थोडासा पुरे." हें म्हणणें हिशेबास धरून आहे, आणि विषयाचें मर्मही येथेंच आहे. सात येण्यापूर्वीं सहा येईल अशी 'प्लेस' नांवाची पैज सहास सात या प्रमाणांत फेडली जाते, व तींत मालकाचा वांटा अवघा दीड टक्का आहे. हातानें सातांचा आंकडा किंचित् कमी करतां आला आणि बाकीचे आंकडे आपल्या प्रमाणांत राहिले, तर सहा फेंकींत एकदां न येतां ६.१४ फेंकींत एकदां सात येऊं लागतांच हा वांटा नाहींसा होतो. त्यापुढें खेळाडूस नफा! इतक्या बारीक फरकासाठीं माणसें वर्षानुवर्षे सराव कां करतात हें आतां ध्यानांत येईल. बाजूच्या पैजांना मात्र एवढ्यानें कांहींच होत नाहीं. साताच्या पैजेंत बरोबरी होण्यास सात पांचांत एकदां आला पाहिजे. बाराच्या पैजेंत बारा ३६ ऐवजीं ३१ फेंकींत एकदां आला पाहिजे. ज्या मेजावर कसबाच्या गोष्टी चालतात त्याच मेजावर या पैजाहि लावल्या जातात, हा केवढा विरोध!

परंतु तो बारीक फरक आहे कीं नाहीं हें ओळखावयाचें कसें? दैवानें होणारे चढउतार बाजूस सारून हा फरक विश्वासानें दाखवावयाचा झाल्यास सुमारें ३७,००० फेंकींची नोंद लागते. एका खेळाडूच्या पाळींत सरासरीनें साडेआठ फेंकी येतात. म्हणजे हें काम चार हजारांहून अधिक पाळ्यांचें झालें. इतकी काटेकोर वही ठेवणारा खेळाडू विरळा. दहा-वीस चांगल्या पाळ्या मनांत राहतात, वाईट विसरल्या जातात, आणि माणूस आपणांस कसबी समजूं लागतो.

२००४ सालीं याची एक पैज झाली. स्टॅनफर्ड वाँग या नांवानें लिहिणारे द्यूतगणिताचे लेखक व त्यांचा एक साथीदार यांनीं ५०० फेंकींत ८० पेक्षां कमी सात टाकून दाखविण्याचें पत्करलें. अपेक्षा ८३ ची होती. प्रत्यक्षांत ७४ आले व त्यांनीं पैज जिंकली. पुष्कळांना हा पुरावा वाटला. परंतु कोणींही डोळे मिटून ५०० वेळां फांसे टाकले, तरी ७४ किंवा त्याहून कमी सात येण्याचा संभव सुमारें सातांत एक आहे. सातांत एकदां घडणाऱ्या गोष्टीस चमत्कार कसें म्हणावें? उलट, २००९ सालीं अटलांटिक सिटी येथें एका बाईची पाळी ४ तास १८ मिनिटें, १५४ फेंकीपर्यंत चालली. एका पाळीपुरतें पाहिलें तर तो संभव सुमारें ५६० कोटींत एक. आणि ती बाई या खेळांत जवळजवळ नवखी होती.

फांशांतील खरा दोष कसा शोधतात याचें एक जुनें उदाहरण आहे. वेल्डन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाच्या १८९४ मधील नोंदींत बारा फांसे २६,३०६ वेळां टाकलेले आहेत. पांच किंवा सहा शेंकडा ३३.३३ वेळां यावयास हवे होते, ते ३३.७७ वेळां आले. १९०० सालीं कार्ल पिअर्सननें हा फरक केवळ दैवाचा नव्हे असें गणितानें दाखविलें. टिपके कोरून काढल्यानें पांच व सहा यांच्या बाजू किंचित् हलक्या होतात, हें त्याचें संभाव्य कारण. द्यूतगृहांतील फांशांत टिपक्यांच्या खांचा सारख्याच घनतेच्या द्रव्यानें भरतात, ती युक्ति यासाठींच. एवढासा दोष दिसण्यास तीन लाखांहून अधिक आंकडे लागले, ही गोष्ट कसबाच्या दाव्यांपुढें ठेवून पाहावी.

तेव्हां निर्णय काय? ताबा यंत्रशास्त्रास धरून अशक्य आहे असें म्हणतां येत नाहीं. परंतु नियमाप्रमाणें भिंतीवर आपटलेल्या फांशांवर तो कोणीं सिद्ध केल्याचें दिसत नाहीं. पत्ते ध्यानांत ठेवून खेळणाऱ्यास द्यूतगृहवाले दाराबाहेर काढतात. फांसे जुळवून धरणाऱ्यास मात्र, भिंतीचा नियम पाळला म्हणजे, बहुधा खेळूं देतात. ज्यांचा पैसा रोज पणाला लागलेला असतो त्यांचें हें मत विचारांत घेण्यासारखें आहे.

घरांत मुलें असतील तर एखाद्या रविवारीं त्यांजकडून दोन फांसे ३६० वेळां टाकवून सातांची नोंद करवावी. अपेक्षा ६० ची. तथापि ४६ पासून ७४ पर्यंत कोणताही आंकडा आला तरी नवल मानूं नये. ज्याचे ४८ आले त्यास आपला हात सिद्ध झाला असें वाटेल, आणि ज्याचे ७२ आले तो हिरमुसला होईल. त्या दोघांनाही पुन्हां ३६० वेळां टाकावयास लावावें. दैव आणि कसब यांतील भेद त्या वहींतून मुलांना जितका कळेल, तितका माझ्या भाषणानें कळणार नाहीं. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.