दंडावर चढणारी बांगडी

चार सेंटिमीटर व्यासाची एक बांगडी घ्यायची. लहान मुलाच्या हातात घालून ती हळूहळू वर सरकवायची. कोपराशी अडली तर चिंता नाही. कोपर ओलांडून दंडावर गेली, तर मूल कुपोषित असण्याची शक्यता दाट. सामाजिक वैद्यकशास्त्राच्या आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ही ‘बांगडी चाचणी’ दिलेली असते. चार सेंटिमीटर व्यास म्हणजे साडेबारा सेंटिमीटर घेर, आणि निरोगी मुलाचा दंड त्याहून चांगला जाड असतो.

या चाचणीची खरी करामत वयाच्या प्रश्नात आहे. वजनावरून कुपोषण ठरवायचे तर मुलाचे नेमके वय ठाऊक हवे. पन्नास वर्षांपूर्वी खेड्यातली आई ‘मोठ्या दुष्काळात झाला’ किंवा ‘जत्रेच्या आधी झाली’ एवढेच सांगू शकत असे. दंडाचा घेर मात्र एक ते पाच वर्षांच्या दरम्यान फारसा बदलत नाही. तान्हेपणाची चरबी झडते आणि तेवढाच स्नायू भरतो. त्यामुळे जन्मतारीख माहीत नसली तरी चालते. बगदादमध्ये काम करणारे अदनान शाकिर आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांनी १९७४ मध्ये दंड मोजण्याची रंगीत पट्टी ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आणली. ती टाकाऊ एक्स-रे फिल्म कापूनही करता येत असे. हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे असल्याने आकडे वाचता न येणारीलाही ती वापरता येत होती. आज अंगणवाडीत सेविकेच्या हाती असते ती दंडघेर पट्टी याच घराण्यातली. तीव्र कुपोषणाची तिची लाल रेघ आता साडेअकरा सेंटिमीटरवर आहे.

पण पट्टी स्वस्त आहे म्हणून मूल सापडते, असे नाही. पट्टी घेऊन कोण येते आणि तिला घरात कुठपर्यंत येऊ देतात, यावर सगळे अवलंबून असते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या जामखेडने हे फार लवकर ओळखले.

डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांचे आणि डॉ. मेबल यांचे शिक्षण झाले. लग्नानंतर दोघांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तिथे बरा करून पाठवलेला रुग्ण त्याच गावात, तेच पाणी पिऊन, त्याच आजाराने परत येई. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. दुष्काळी, कोरडवाहू मुलूख. हजार जिवंत जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळे वर्ष पुरे होण्याआधी दगावत होती.

आधी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. बाहेरून आलेल्या मुलीला खेड्यात एकटे राहणे कठीण, आणि गावही तिच्याशी मोकळेपणी बोलेना. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असे ठरले. निवडलेल्यांपैकी बहुतेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, गावी जाऊन काम करायच्या आणि अडलेले प्रश्न घेऊन पुढच्या आठवड्यात परत यायच्या. त्यांच्यातल्याच मुक्ताबाई पोळ यांनी १९८८ साली वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत आपले काम मांडले.

या बायकांची उपकरणे म्हणजे मुख्यतः त्यांचे डोळे आणि बोटे. खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा. फिकट असेल तर रक्त कमी. गरोदर बाईच्या नडगीवर अंगठा दाबायचा. खड्डा तसाच राहिला तर सूज आहे, रक्तदाब तपासायला हवा.

कुष्ठरोगाच्या बाबतीत या पद्धतीचे मोल सर्वांत जास्त दिसले. तपासणी म्हटली तर काहीच नाही: अंगावरच्या फिकट चट्ट्यावर कापसाच्या पिळाने हलकेच स्पर्श करायचा, डोळे मिटलेल्या माणसाने जिथे स्पर्श जाणवला तिथे बोट ठेवायचे. चट्टा बधिर असेल तर बोट उठत नाही. ही तपासणी करायला सर्वेक्षणाचे पथक गावात आले की लोक चट्टे झाकत, घराबाहेर पडत नसत. रोगापेक्षा वाळीत पडण्याची धास्ती मोठी. शेजारची बाई मात्र न्हाऊ घालताना, अंगणात बसताना, शेतात खुरपताना पाठ पाहू शकते. चट्टा लवकर सापडला तर औषधाने रोग बरा होतो आणि बोटे शाबूत राहतात. कापसाच्या एका पिळाला इतकी किंमत यावी, ती त्या शेजारणीमुळे.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हाच विचार न्यूमोनियाला लावला. न्यूमोनिया झालेले बाळ जलद श्वास घेते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० ही धोक्याची पातळी. पण ज्या दाईला दहाच्या पुढे मोजता येत नाही, तिने काय करायचे? बंगांनी वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांची ओळ एकत्र बसवून श्वासमापक केला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. मूल रडत असेल तर थांबायचे, शांत झाल्यावर मोजायचे. गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून तिथेच उपचार करण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. उपचाराच्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

स्वस्त चाचणी नेहमीच जिंकते, असे मात्र नाही, आणि हे स्पष्टपणे सांगायला हवे. गर्भाशयमुखाचा कर्करोग शोधायला चार टक्के ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरचा, बोळा लावून मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन ही तपासणी दर दोन वर्षांनी करवली. बारा वर्षांच्या अभ्यासात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जामखेडच्या शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली होती, तिचा निकाल वेगळा आला. तिथे एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत. विषाणू शोधणाऱ्या महाग एचपीव्ही चाचणीने ते जवळजवळ निम्म्यावर आणले. स्वस्त साधन पुनःपुन्हा वापरावे लागते, आणि पुनःपुन्हा वापरायला माणूस तिथेच राहणारा लागतो.

नगर जिल्ह्यातच, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात हेच तत्त्व पाण्याला लावलेले दिसते. पोपटराव पवारांच्या या गावात पर्जन्यमापकाची आणि विहिरींच्या पातळीची नोंद ठेवून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि पिके त्यावरून ठरवतात. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, केळी नाही, ही बंधने गाव पाळते. विहिरीत सोडलेली मोजपट्टी कुठल्याही गावाला परवडते. तिने सांगितलेले ऐकून ऊस न लावणे अवघड आहे.

जामखेडलाही लाल रेघेनंतरचे काम मोठे होते. मूल कुपोषित आहे एवढे कळून त्याचे पोट भरत नाही. म्हणून शेतकरी मंडळे, महिला मंडळे, पूरक आहार, हातपंप, सगळे एकात एक गुंतत गेले. हातपंप दलित वस्तीत बसवले गेले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे जावे लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर बालमृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आले होते. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये गेले. मुलगी शोभा आणि मुलगा रवी यांनी काम पुढे चालवले. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेल्या एका अभ्यासात प्रकल्पातल्या गावांत बालमृत्यूचा धोका आसपासच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला.

२००५ मध्ये देशभर ‘आशा’ योजना आली. गावातलीच बाई निवडायची, ही जामखेडची रीत तिच्यात आहे. नवजात बाळाची आशाताई घरी जाऊन तपासणी करते, तेव्हा पिशवीत थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा आणि श्वास मोजायला घड्याळ असते. शिवाय भरायच्या नोंदी आणि मोबाइलवरची माहिती. मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना वारंवार संपावर जावे लागले आहे. पट्टी काही रुपयांत येते; ती धरणाऱ्या बाईच्या कामाची किंमत सरकारने अजून नीट मोजलेली नाही.