डिसोझा यांचे खाते आणि पुस्तकांचे दुकान

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानात संगणकाच्या कपाटासमोर उभे राहिले की भलाभला माणूस नम्र होतो. एकेक ग्रंथ उशाला घ्यावा एवढा जाड. मुखपृष्ठावर ‘संपूर्ण’, ‘सुलभ’, ‘इतक्या दिवसांत पारंगत व्हा’ अशी आश्वासने. किमतीकडे पाहिले की पुस्तक हळूच जागेवर जाते. या कपाटापुढे सर्वांत जास्त वेळ घुटमळतात ती बी.कॉम., बी.सी.एस. करणारी मुले. संकेतस्थळाची सर्व्हरवरची बाजू शिकली तर नोकरीची आशा असते. पण त्यांच्या खिशात एका पुस्तकाचे पैसे असतात आणि हाताशी फार तर सहा महिने. पुस्तक वाईट निघाले तर दोन्ही जातात. शिवाय वाईट सवय लागते, ती निराळीच.

माझा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. मी जन्मभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. निवृत्तीनंतर आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची इंटरनेटवर आणायचे काम अंगावर आले आणि त्यापायी असली अर्धा डझन पुस्तके वाचावी लागली. वाचता वाचता लक्षात आले की हे शास्त्र मला अगदीच परके नाही. संकेतस्थळाचा पडद्यावर दिसतो तो भाग म्हणजे बँकेचा दर्शनी हॉल. खरा व्यवहार चालतो काउंटरच्या आत. तिथे लेजर असते, तिजोरी असते आणि आलेला कागद खरा की खोटा हे पाहणारा माणूस असतो. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम म्हणजे तो आतला माणूस.

हा माणूस विलक्षण विसरभोळा आहे. तुम्ही एक पान मागितले, त्याने दिले, की तो तुम्हाला विसरला. पुढच्याच क्षणी दुसरे पान मागा, तो तुम्हाला नव्यानेच पाहतो. वेबचा मूळ करारच तसा आहे. मग लॉगिन केलेला माणूस त्याला ओळखू कसा येतो? आमच्या वेळी चेक दिला की कारकून पितळी टोकन हातात ठेवी. रोखपालाला तुमचा चेहरा माहीत नसे. त्याला टोकनाचा नंबर पुरे. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी ब्राउझरसाठी ‘कुकी’ काढली, ती म्हणजे हेच टोकन. आता गंमत अशी की निम्मी पुस्तके लॉगिनचे पान करायला शिकवतात आणि टोकनाची गोष्ट सांगतच नाहीत. विद्यार्थी ओळीमागून ओळी उतरवून घेतो, पान चालते, आणि ते का चालते हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून पुस्तक हातात आले की मी आधी पाहतो ते हे, की लेखकाने हा विसरभोळेपणा लॉगिनच्या आधी समजावून दिला आहे की नाही.

दुसरी परीक्षा मी मनातल्या मनात ‘डिसोझा परीक्षा’ म्हणतो. वसई किंवा गोव्याच्या शाखेत काम केलेल्या कुणालाही हे आडनाव नवे नाही. रोमन लिपीत ते लिहिताना ‘डी’नंतर वर एक छोटा स्वल्पविराम येतो. डेटाबेसला हुकूम देण्याची जी भाषा आहे, एसक्यूएल, तिच्यात नाव कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे सांगायला नेमके तेच चिन्ह वापरतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आलेले नाव जसेच्या तसे हुकमात चिकटवले, तर नाव ‘डी’पाशीच संपले असे डेटाबेस समजतो. उरलेले ‘सोझा’ तो हुकमाचाच भाग मानतो आणि अडखळतो. बिचाऱ्या डिसोझांचे खाते उघडत नाही, एवढ्यावर हे थांबले असते तर हसून सोडून दिले असते. पण ज्याला हे ठाऊक आहे असा लबाड माणूस नावाच्या रकान्यात ते चिन्ह टाकून पुढे स्वतःचाच हुकूम लिहितो: सगळ्या खातेदारांची यादी दे. आणि आतला माणूस ती देतो!

चेकवर अक्षरी रक्कम लिहून झाली की पुढे ‘फक्त’ लिहायचे आणि उरलेल्या जागेत रेघ ओढायची, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवीत. कारण मोकळ्या जागेत कोणीतरी आणखी दोन शब्द घालील. इथली रेघ म्हणजे हुकूम आधीच छापून ठेवायचा आणि नावासाठी फक्त एक चौकट सोडायची. मग चौकटीत काहीही लिहिले तरी ते नावच राहते. ही युक्ती जुनी आहे, फुकट आहे, दोन ओळींची आहे. तरीही ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीवर याच वाटेने हल्ला झाला. १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली. त्यांतल्या १५,६५६ जणांचे बँक खाते क्रमांकही गेले. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ४ लाख पौंड दंड केला. ज्या पानांतून चोर शिरला, ती कंपनीने विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीकडून आलेली जुनी पाने होती.

ती पाने लिहिणाऱ्याने कुठल्या पुस्तकातून धडे घेतले, कोण जाणे. पण दुकानात एवढे तर करता येते: अनुक्रमणिका उघडावी, फॉर्ममधले नाव डेटाबेसमध्ये जाते ते पहिले उदाहरण काढावे आणि तिथे चौकट आहे की चिकटवाचिकटवी आहे ते पाहावे. ‘सुरक्षिततेचे प्रकरण शेवटी आहे’ असे लेखक म्हणत असेल, तर पुस्तक परत ठेवावे. शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचतो कोण? आणि तोवर हात चुकीच्या पद्धतीला सरावलेला असतो.

तिसरी गोष्ट सालाची. इथे दुकानदार फसवत नाही, छपाई फसवते. आपल्याकडे परदेशी पुस्तकांच्या स्वस्त भारतीय प्रती निघतात, हे उपकारच. पण आतल्या पानावर पुनर्मुद्रणाचे साल ठळक असते आणि आवृत्तीचे बारीक. पाहायचे ते आवृत्तीचे. पीएचपी या भाषेचेच पाहा. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या पानासाठी काही साधने लिहिली आणि १९९५ साली ती सर्वांना खुली केली. त्यातून ही भाषा वाढली. तिच्यात मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलण्याची जी जुनी पद्धत होती, ती २०१३ साली कालबाह्य ठरवली गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढूनच टाकली. पासवर्ड सुरक्षित साठवण्याची सोपी सोय २०१३ साली आली. म्हणजे त्याआधीचे पुस्तक कितीही रसाळ असो, त्यातली उदाहरणे आज एक तर चालणार नाहीत, किंवा चालली तर धोक्याची. फुटपाथवर शंभर रुपयांत मिळते म्हणून ते घेऊ नये. कादंबरी खुशाल घ्यावी.

भाषा कुठली, हा वाद मुले फार घालतात. मला तो दुय्यम वाटतो. पीएचपी घ्यावी, कारण वर्डप्रेसवर चालणारी असंख्य संकेतस्थळे तिच्यात आहेत. जॉन डकेट यांचे २०२२ चे पुस्तक तिच्यासाठी आहे आणि त्याची पाने डोळ्यांना सुखावतात. पायथन येत असेल तर जँगो किंवा फ्लास्क. जँगोचा जन्म तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’च्या, कचेरीत झाला आणि २००५ साली तो सर्वांना खुला झाला. वेळेत पान लागले पाहिजे ही तिथली घाई त्याच्या स्वभावात उतरली असावी. आणि इंग्रजी साधी हवी. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ देशभर का चालले? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागत नाही, हे त्याचे अर्धे उत्तर आहे.

आता कोणी म्हणेल, पुस्तक हवेच कशाला? प्रश्न टाकला की यंत्र प्रोग्रॅम लिहून देते. देते खरे, आणि पुष्कळदा चांगला देते. पण बँकेत व्हाउचर एक जण लिहितो आणि दुसरा पास करतो. लिहिणारा यंत्र झाला, तरी पास करणाऱ्याची सही आपलीच राहते. ज्याला लेजर वाचता येत नाही त्याने सही कशाच्या जोरावर करायची? माझ्या मते आता पुस्तक घ्यायचे ते लिहिण्यापेक्षा नाकारता यावे म्हणून.

आमच्या इमारतीची विजेची कामे करणाऱ्या वायरमनची मुलगी बी.सी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. “काका, एकच घेता येईल. कुठलं घेऊ?” असे तिने विचारले, तेव्हा हे सगळे पुराण मी तिला ऐकवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मिगेल ग्रिनबर्ग यांच्या फ्लास्कवरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती घेतली. पायथन तिला कॉलेजात झालेले आहे, आणि ते पुस्तक एकच ब्लॉग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाढवत नेते, हे तिला आवडले. आवृत्ती २०१८ ची आहे. फ्लास्क त्यानंतर पुष्कळ बदलला, त्यामुळे काही ठिकाणी छापील ओळ चालत नाही आणि तिला शोधाशोध करावी लागते. त्याबद्दल तिची तक्रार नाही.

वडिलांच्या गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम तिने केला आहे. पहिलेच नाव तिने डिसोझा घातले, रोमन लिपीत, त्या चिन्हासकट. नोंद झाली. परवा ती लॅपटॉप घेऊन वर आली. तिने डिसोझांच्या नावाने लॉगिन केले, बिल उघडले आणि पत्त्याच्या ओळीतला ४ हा आकडा पुसून ५ केला. शेजारच्या बिऱ्हाडाचे बिल उघडले.

“काका, टोकन बरोबर आहे,” ती म्हणाली, “पण लॉकर दुसऱ्याचा उघडतोय. हे कुठल्या प्रकरणात आहे ते शोधतेय.”