प्रक्रिया-दोषशोधन आंतरपृष्ठ

प्रक्रिया-दोषशोधन आंतरपृष्ठ : संगणकावर चालू असलेल्या आज्ञावलीस प्रक्रिया म्हणतात. एका प्रक्रियेस दुसरी प्रक्रिया थांबविता यावी, तिची स्मृती व रजिस्टरे वाचता व बदलता यावीत आणि तिच्या वाटचालीचा मागोवा घेता यावा, यांसाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, पुरविलेल्या सोयींना ही संज्ञा लावतात. प्रत्येक प्रक्रियेची स्मृती इतरांपासून अलग राखणे हे कर्नलचे प्रमुख कर्तव्य असते. दोषशोधनासाठी मात्र हीच भिंत ओलांडावी लागते. ती कोणास व कितपत ओलांडू द्यावयाची, हा अशा आंतरपृष्ठाच्या रचनेतील मूळ प्रश्न होय.

पीट्रेस : युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) पीट्रेस ही सोय आली. तीत जनक प्रक्रियेस केवळ आपल्या अपत्य प्रक्रियेची तपासणी करता येई व त्यासाठी अपत्याने आधी तशी विनंती करावी लागे. सिग्नल मिळताच अपत्य थांबे व जनकास त्याची वार्ता मिळे. स्मृतीतील एकच शब्द एका वेळी वाचता येत असल्याने काम मंद चाले. शिवाय सिग्नल व जनक-अपत्य नाते ही साधने मुळात अन्य कामांसाठी होती. लिनक्समध्ये चालू प्रक्रियेस जोडून घेताना तिला थांबण्याचा सिग्नल पाठविला जाई. तो दोषशोधकाचा की अन्य कोणाचा, याविषयी घोटाळा होई. म्हणून २०१२ मध्ये प्रक्रिया न थांबविता जोडून घेण्याची वेगळी सोय करण्यात आली.

विरामबिंदू : इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरांवर इष्ट आज्ञेचा पहिला बाइट बदलून तेथे एका बाइटाची सापळा-आज्ञा लिहितात. पुढे जाताना मूळ बाइट परत ठेवून एकच आज्ञा चालवितात व सापळा पुन्हा मांडतात. तेवढ्या अवधीत त्याच प्रक्रियेतील दुसरा थ्रेड तेथून गेल्यास तो निसटतो. म्हणून इतर थ्रेड थांबवून ठेवतात किंवा मूळ आज्ञेची प्रत अन्यत्र चालवितात.

फाइलरूप आंतरपृष्ठ : टॉम किलियन यांनी युनिक्सच्या आठव्या आवृत्तीसाठी प्रत्येक प्रक्रिया फाइलच्या रूपात मांडली (१९८४). फाइलमधील स्थान म्हणजे स्मृतीतील पत्ता असल्याने मोठा भाग एकदम वाचता येऊ लागला व प्रवेशाचा अधिकार फाइलच्या परिचित नियमांनी ठरविता आला. रॉजर फॉकनर व रॉन गोम्स यांनी सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीत हीच कल्पना विकसित केली. लिनक्समध्ये स्मृती फाइलरूपाने वाचता येते. नियंत्रण मात्र मुख्यतः पीट्रेसकडेच राहिले आहे.

मागोवा : पीट्रेसने कर्नलला केलेल्या आवाहनांचा मागोवा घेताना प्रक्रिया प्रत्येक आवाहनाच्या आरंभी व शेवटी थांबते. त्यामुळे तिची गती घटते व वेळेवर अवलंबून असलेले दोष तपासणीच्या वेळी नाहीसे होऊ शकतात. यावर उपाय म्हणून सोलॅरिस १० मधील डीट्रेसमध्ये (२००५) निरीक्षणाची छोटी आज्ञावली कर्नलमध्येच चालवितात. ती अनंतकाळ चालू नये म्हणून तीत आवर्तनांना मुभा नसते. लिनक्समधील ईबीपीएफ आज्ञावलीही स्वीकारण्यापूर्वी कर्नल तिची सुरक्षितता तपासतो.

सुरक्षितता : दुसऱ्याची स्मृती वाचणाऱ्यास तीतील संकेतशब्दही वाचता येतात व ती बदलणाऱ्यास त्या प्रक्रियेचे सर्व अधिकार मिळतात. म्हणून अधिक अधिकारांनी चालणाऱ्या आज्ञावलीचे दोषशोधन सामान्य उपयोक्त्यास करू देत नाहीत. तपासणीखाली ती सुरू केल्यास तिला ते अधिकारच मिळत नाहीत.