प्रवर्धित जीपीएस संकेत विभाजक

प्रवर्धित जीपीएस संकेत विभाजक हे एकाच अँटेनाने टिपलेला संकेत वाढवून तो दोन किंवा अधिक रिसीव्हरांना वाटून देणारे उपकरण आहे. रिसीव्हरांची तुलना करताना ते उपयुक्त ठरते. सर्वांना एकच संकेत मिळत असल्याने दिसणारा फरक रिसीव्हरांचाच असतो.

रचना

जीपीएसचा एल-१ संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झचा असतो. तो दोघांत विभागल्यास प्रत्येकाच्या वाट्यास निम्मी शक्ती येते, म्हणजे ३ डेसिबलची घट होते. ती भरून काढण्यासाठी विभागणीपूर्वी अल्प गोंगाटाचा प्रवर्धक बसवितात. विभागणीसाठी विल्किन्सन मंडल वापरतात. ५० ओहमच्या केबलसाठी त्यात पाव तरंगलांबीच्या, सुमारे ७०.७ ओहम संरोधाच्या दोन तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांच्या टोकांदरम्यान १०० ओहमचा रोधक असतो.

घरगुती बांधणीतील दक्षता

अँटेनातील प्रवर्धकास रिसीव्हरकडून त्याच केबलद्वारे वीज मिळते. दोन रिसीव्हरांची वीज एकमेकांत शिरल्यास ते बिघडू शकतात. म्हणून एकाचीच वीज विभाजकातील प्रवर्धकाला वळसा घालून अँटेनापर्यंत नेतात आणि दुसऱ्याची कपॅसिटरने अडवितात. दुसऱ्यास अँटेना तुटल्याचा भास होऊ नये, यासाठी त्याच्या बाजूस सुमारे २०० ओहमचा रोधक इंडक्टरमार्फत जोडतात. प्रवर्धन बेताचेच ठेवावे लागते. प्रवर्धक संकेताबरोबर गोंगाटही वाढवितो. त्यामुळे अँटेनापाशीच क्षीण असलेला संकेत त्याने सुधारत नाही.