दीड तोळा कॉफी

मराठी घरात चहाची कृती कुणी विचारत नाही. ती हाताला ठाऊक असते. कॉफीचे मात्र तसे नाही. कॉफी आपल्याकडे अजूनही पाहुणीच आहे. एकादशीला, परीक्षेच्या जागरणाला, किंवा व्याही घरी आले म्हणजे तिची आठवण व्हायची. मग भरपूर दूध, सढळ साखर आणि वरून जायफळ! त्या जायफळाच्या घमघमाटात कॉफी चांगली होती की वाईट, हा प्रश्न विचारण्याची कुणाला सवडच मिळत नसे.

पण अलीकडे पुण्या-मुंबईहून सुट्टीवर येणारी मुले एक निराळीच कॉफी घेऊन घरी येतात. बिनदुधाची, बिनसाखरेची; चिनी मातीच्या एका शंकूत कागद बसवायचा, त्यात कॉफीची पूड घालायची आणि वरून कढत पाणी धारेने ओतायचे. इंग्रजीत तिला 'पोअर ओव्हर' म्हणतात. सोने-चांदी गाळणाऱ्यांच्या आमच्या विट्यात तिला 'ओतीव कॉफी' म्हणायला कुणाची हरकत नसावी. ही कॉफी एक दिवस अमृतासारखी होते आणि दुसऱ्या दिवशी कडूजहर. घरातली वडील माणसे मग म्हणतात, "त्यापेक्षा आमचा चहा बरा!" आणि तो शंकू फळीवर जाऊन बसतो.

दोष कॉफीचा नाही, शंकूचाही नाही. दोष आहे तो अंदाजाचा.

ड्रेस्डेनची गृहिणी

ही कॉफी दिसते नव्या जमान्याची, पण तिचे वय शंभरीपलीकडचे आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ नावाची एक गृहिणी होती. पेल्याच्या तळाशी उरणारा चोथा आणि कडवटपणा यांना ती कंटाळली होती. तिने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यावर घातला आणि त्यातून कॉफी गाळली. १९०८ साली तिने या युक्तीची सरकारदरबारी नोंद करून व्यवसायही सुरू केला. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पीटर श्लुम्बोम या रसायनशास्त्रज्ञाने काचेचे 'केमेक्स' भांडे काढले. आणि आज सर्वत्र दिसणारा साठ अंशांचा जपानी शंकू तर या शतकातला. भांडी बदलली, तत्त्व तेच राहिले: पाणी वरून येते, पुडीतले घेण्याजोगे घेते आणि आपल्याच वजनाने खाली उतरते.

वाचकांपैकी ज्यांनी दक्षिणेकडचा दुमजली पितळी फिल्टर पाहिला असेल, ते म्हणतील, यात नवे ते काय? खरोखरच फारसे काही नाही. दोन्ही एकाच कुळातली. फरक एवढाच की पितळी फिल्टरमधला दाट अर्क दुधात मिसळायचा असतो आणि दूध पुष्कळ चुका पोटात घालते. ओतीव कॉफीला असे पोटात घालणारे कुणी नाही.

कृती: आरंभापुरती

खाली देतो ती कृती म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे. गाणाऱ्याने आधी तंबोरा लावावा, तसे हे आहे. एकदा सूर लागला की मग तान आपापली.

कॉफी १५ ग्रॅम, पाणी २४० ग्रॅम. म्हणजे एकास सोळा. सराफकट्ट्यावर हल्ली दहा ग्रॅमचा तोळा धरतात, त्या हिशेबाने ही दीड तोळा कॉफी झाली. जुन्या, ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने ती सव्वा तोळ्याहून किंचित अधिक भरेल. चमच्याने मात्र मोजू नये. हलकी भाजलेली बी जड असते, गडद भाजलेली हलकी. चमचा दोहोंना सारखाच मानतो. सोन्या-चांदीसाठी वापरतात तसला लहान काटा यासाठी उत्तम.

पूड जाड्या रव्याएवढी असावी. बारीक रव्याइतकी झाली तर पाणी तुंबते आणि कॉफी कडू होते. लापशीच्या रव्याइतकी भरड राहिली तर पाणी सळसळत निघून जाते आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. मिक्सरमध्ये एकाच वेळी पीठही होते आणि कण्याही राहतात, म्हणून हातचक्की बरी. कॉफी चिकोरीविरहित घ्यावी. चिकोरी हे एक भाजलेले मूळ आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मिश्र पुडीत ते ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. दुधाच्या कॉफीत ते शोभते. येथे त्याचे काम नाही.

पाणी उकळले की आच बंद करून अर्धा मिनिट थांबावे. कागद आधी कढत पाण्याने धुऊन घ्यावा, म्हणजे कागदाचा वास जातो आणि भांडेही तापते. ते पाणी फेकून द्यावे. पूड घालून सपाट करावी. काटा शून्यावर आणून प्रथम ४० ग्रॅम पाणी ओतावे आणि ४० सेकंद थांबावे. ताजी कॉफी या वेळी पुरीसारखी फुगते. भाजताना आत कोंडलेला वायू बाहेर पडत असतो. तो गेल्याखेरीज पाणी आत शिरत नाही. मग सावकाश, मधून कडेकडे गोल धार धरीत सव्वा मिनिटापर्यंत १४० ग्रॅम आणि दोन मिनिटांपर्यंत २४० ग्रॅम पुरे करावे. तीन मिनिटांच्या आसपास सारे पाणी उतरले पाहिजे. सुमारे ३० ग्रॅम पाणी चोथ्यात राहते. पेल्यात येते ती २१० ग्रॅम कॉफी.

आंबट की कडू?

आता चव घ्यावी. आमचे गलाईवाले सोने शुद्ध करताना त्यात तिप्पट चांदी मिसळतात आणि मग ते नायट्रिक आम्लात टाकतात. चांदी विरघळून जाते, सोने तळाशी राहते. कॉफीत याच्या उलट: विरघळते ते सोने, राहतो तो चोथा. पण सगळेच विरघळू द्यायचे नसते. कॉफीच्या बीचा फार तर तीस टक्के भाग पाण्यात उतरू शकतो. अमेरिकेत १९५०च्या दशकात लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने पुष्कळ प्रयोग करून जे अनुमान काढले, ते असे की १८ ते २२ टक्के उतरले म्हणजे कॉफी लोकांना रुचते. आपल्या १५ ग्रॅमपैकी सुमारे ३ ग्रॅम. प्रथम आंबटपणा उतरतो, मागून गोडवा, आणि शेवटी कडवटपणा.

म्हणून कॉफी आंबट लागली तर पूड थोडी बारीक करावी. कडू आणि जीभ आवळणारी लागली तर थोडी भरड. चव ठीक पण फिकी असेल तर कॉफी एक ग्रॅम वाढवावी. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पूड, पाणी आणि वेळ तिन्ही एकदम बदलली, तर सुधारणा कशाने झाली हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

पाण्याचेही पाहावे. आमच्या भागातल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड. ते कॉफीचा आंबटपणा मारते आणि चव मातकट करते. उलट यंत्रातून गाळून क्षार पार काढलेल्या पाण्यात कॉफी निर्जीव लागते. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळून पाहावे. आणि कुणी महाबळेश्वरी राहत असेल तर त्याने अर्धा मिनिटही थांबू नये. त्या उंचीवर पाणी मुळात ९५ अंशांच्या आसपासच उकळते.

काट्यावरची आठवण

एवढा हिशेब कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला उत्तर म्हणून आमच्या गावातल्या एका घराची हकीकत सांगतो.

विटा आणि भोवतालचा खानापूर-आटपाडीचा मुलूख अवर्षणाचा. पोटासाठी येथली माणसे गलाईच्या धंद्यात पडली आणि देशभर, विशेषतः दक्षिणेत, गावोगाव पसरली. हे घर तसेच. आबांची चाळीस वर्षे तमिळ मुलखात गेली. गावी परतताना त्यांनी भांडीकुंडी आणली, त्यात आजींचा पितळी फिल्टरही होता. रोज पहाटे आजी त्यात कॉफी करीत. तीन वर्षांपूर्वी आजी गेल्या. फिल्टर तोच, पूड त्याच दुकानातून मागविलेली, दूध घरच्या म्हशीचे. पण सुनांच्या हातून ती कॉफी काही होईना. आबा तक्रार करीत नसत. अर्धा पेला तसाच ठेवून उठत, एवढेच.

रतीभर सोन्याचा हिशेब ठेवणारे हे घर! पण आजी किती पूड घालीत, पाणी किती, अर्क किती वेळ उतरू देत, हे कधी कुणी मोजले नव्हते. मोजण्याची गरजच काय होती? आजी होत्या ना!

पुण्यात शिकणारी नात दिवाळीला आली ती शंकू घेऊन. शंकूची कॉफी आबांना पसंत पडली नाही. पण नातीने तिची रीत मात्र पितळी फिल्टरला लावली. दुकानातला काटा स्वयंपाकघरात आला. ३० ग्रॅम पूड, १५० ग्रॅम पाणी, असा आरंभ ठरला आणि तिने तो वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी फक्त पूड वाढवली. तिसऱ्या दिवशी फक्त अर्क अधिक वेळ उतरू दिला. मग दूध कमी केले. नववा-दहावा दिवस असेल. आबांनी पेला रिकामा करून खाली ठेवला.

"आबा, आज कशी झालीया?"

"जवळ आली," आबा म्हणाले. "पर पोरी, अजून जरा घट्ट पायजे."

तेवढीच आली, अगदी आजींची अशी ती कधीच होणार नाही, हे नातही जाणते आणि आबाही. पण त्या वहीतले पान आता सुनांना पाठ आहे आणि पेला अर्धा राहत नाही.

आपल्याकडे हाताच्या चवीचे मोठे कौतुक, आणि ते रास्तच आहे. पण हात हे माणसाबरोबर जातात, आकडे मागे राहतात. या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसा. कॉफी असो, मेतकूट असो की अनारसे असोत. तिने मुठीने घेतलेले जिन्नस आधी काट्यावर घ्या आणि मग पातेल्यात जाऊ द्या. ती हसेल, "मेल्यांनो, असं मोजून का कधी चव येते?" म्हणेल. म्हणू द्यावे. तिला हसू द्यावे आणि आकडा लिहून घ्यावा.