लेकरू तसे वळण

"थोरला किती गुणी, आणि हा बघा, सदा रडका!" वाशिम, रिसोड, मंगरूळपीरकडच्या वस्त्यांत आम्ही फिरतो तेव्हा असे बोल कानी पडतात. बुजरे लेकरू "मठ्ठ" ठरते, तापट लेकरू "वांड". शाळेत नाव घालण्याआधीच ही नावे त्याला चिकटतात आणि पुढे तेच लेकरू शाळेला भिते.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पतिपत्नींनी १९५६ साली तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला. १३३ मुलांवर त्यांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. शंभरात सुमारे ४० मुले सहज रुळणारी, १० लवकर बिथरणारी, १५ हळूहळू रुळणारी आणि उरलेली मिश्र स्वभावाची निघाली. स्वभाव आणि घरची रीत यांचा मेळ बसला नाही की मूल अडचणीत येते, असे त्यांना दिसले.

त्यांनी तेथील पोर्टोरिकन कामगारांची घरेही पाहिली. तिथे अवेळी झोपणाऱ्या मुलाची कोणाला कटकट नव्हती. झोप येईल तेव्हा ते झोपे. शाळा लागली, वेळेवर उठणे आले, आणि तीच सवय नडली. म्हणून शाळेच्या दोन महिने आधीपासून झोपेची वेळ थोडी थोडी अलीकडे आणावी.

आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी लागली की आई सकाळीच वावरात जाते. बुजऱ्या लेकराला त्याच दिवशी अंगणवाडीत एकदम सोडून निघू नये. आठवडाभर आधीपासून आजीने किंवा ताईने सोबत बसावे, रोज थोडे कमी. तापट लेकराला खेळातून ओढून उठवू नये; "आणखी एक डाव, मग जेवण" असे आधी सांगावे. ते चिडले तर मारू नये, शांत झाल्यावर बोलावे. नियम मात्र रडण्यापुढे बदलू नये. गुणी लेकरू काही मागत नाही, म्हणून त्यालाही विसरू नये.

याला पैसा लागत नाही. मायबापहो, आठ दिवस फक्त पाहा: आपले लेकरू कशाने बिथरते, कशाने रमते. त्याला नाव ठेवण्याआधी एवढे तरी कराच.